शेवाळ सोडताना

४ जानेवारी, सकाळी
संकल्प. या वर्षी सासऱ्यांचं घर सोडायचं म्हणजे सोडायचं. लग्नानंतर 'टेम्पररी' म्हणून इथे आलो, मुलगी शाळेत जायला लागली तरी इथेच. हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं, पण आधी नाश्ता करून घ्या, कॉलेजला उशीर होतोय. बायकोला संकल्पाचं वजन कळत नाही.

९ जानेवारी
आज अकरावीला वनस्पती पाण्यातून जमिनीवर कशा आल्या ते सुरू केलं. शिकवताना माझ्याच अंगावर काटा आला. सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचं गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ. अन्न आयतं, वजन पाणी पेलणार, सुकायची भीती नाही. तरी ते काठावर आलं. का? स्वाभिमान! मागच्या बाकावरून आवाज आला, सर, तळं आटलं असेल. त्याला उभं केलं.
जेवताना टेबलाभोवती नीट पाहिलं. सासरे, सासूबाई, मेहुणा. शेवाळ! हिरवंगार, सुखी आणि बुळबुळीत. भाजी बरी होती, दोनदा घेतली.

१७ जानेवारी
घर उत्क्रांतीच्या क्रमाने सोडणार. टेम्पो बोलावून सामान कोंबणं हे सामान्यांचं काम. पायरी पहिली, मेणाचा थर. जमिनीवरच्या वनस्पतींनी अंगावर तो चढवला, नाहीतर वाऱ्यानेच सुकून गेल्या असत्या. म्हणजे मी कुणाचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नाही. मेहुणा म्हणाला, भावोजी, माझी छत्री कुठे हरवलीत? काही वाटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पोट सुटलंय. हे थोडं आत गेलं. थर अजून पातळ आहे.

२ फेब्रुवारी
खोली मिळाली! बसस्टॉपमागे, तिसरा मजला, एक खिडकी. शोधली हिनेच, पण पसंत मी केली. ही छापखान्याची प्रुफं घरी आणून तपासते, तेव्हा तिला चुका शोधायची सवय आहेच, खोली शोधण्यात काय विशेष? कधी जायचं म्हणाली. म्हटलं, आधी मी. पायोनियर एकटाच असतो. मूळ धरलं की तुम्हा दोघींना बोलावतो. ती म्हणाली, नळाला पहाटेच पाणी येतं, उठून भरून ठेवावं लागेल. बायकांना तपशील फार.

११ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये माझा प्लॅन सांगितला. केमिस्ट्रीच्या बाई म्हणाल्या, पण सर, सुरुवातीच्या वनस्पतींना धड मुळंही नव्हती ना? बुरशीने जमिनीतले क्षार पुरवले म्हणून तगल्या. हे मला माहीत नाही? पण मी तो मुद्दा शिकवत नाही. दुसऱ्याच्या जिवावर जगण्याचे संस्कार मुलांवर कशाला? बाईंनी आपल्या परीक्षानळ्या सांभाळाव्यात.

२० फेब्रुवारी, खोलीवर
आलो! सोबत एकच बॅग. बीजाणू हलकाच असावा. सासूबाईंचा डबा नाकारला. सासऱ्यांची बादली नाकारली. मेहुणा स्कूटरवर सोडतो म्हणाला, ते स्वीकारलं. बीजाणू वाऱ्यावरच येतो.

२१ फेब्रुवारी
पाणी येऊन गेलं म्हणे. मी झोपेत होतो. दात कोरडेच घासले.

२२ फेब्रुवारी
पुन्हा तेच. गजराने त्याचं काम केलं, मी माझं. पारोशानेच 'जमिनीवरील वनस्पती व पाण्याची बचत' यावर लेक्चर दिलं. पुढच्या बाकावरची मुलं मागे जाऊन बसली. विज्ञानाची गोडीच उरलेली नाही.

२४ फेब्रुवारी
सासरे आले. दोन हातांत पाण्याचे दोन कॅन, खांद्याला डब्याची पिशवी. मी स्पष्ट सांगितलं, मला गरज नाही. म्हणाले, माहीत आहे, तरी ठेवतो. ते गेल्यावर डबा संपवला, अन्न वाया गेलेलं मला चालत नाही. आंघोळ केली. इतकं बरं वाटलं की रडूच आलं. साबण गेला असेल डोळ्यात. जिना उतरताना म्हातारा कठडा धरून सारखा थांबत होता. दम लागला असावा.

१ मार्च
आंघोळीपुरता सासरी आलो. ही माघार नव्हे. ओल्या भिंतीवरच्या मॉसचं वंश वाढवण्याचं काम अजून पाण्यावाचून अडतं, तरी जमिनीवरची वनस्पती म्हणून मिरवतंच ना? आंघोळ झाल्यावर जेवलो. जेवल्यावर झोपलो. उठलो तेव्हा खोलीवर जायची वेळ निघून गेली होती.

५ मार्च
ही आज खोली बघायला आली. पहाटेच आली, म्हणजे कमाल. सगळी भांडी भरली, खिडकी पुसली, खिडकीशी टेबल ओढून प्रुफं काढून बसली. म्हणाली, इथे किती शांत आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हाला सर्दी झालीय, चार दिवस माझ्या आईकडे जाऊन आराम करा, मी थांबते इथे. गेलो. दोन दिवसांत घाबरून बोलावणं धाडेल.

१९ मार्च
बोलावणं नाही. मुलगीही तिकडेच गेली, तिथून शाळा जवळ पडते म्हणे. मेहुण्याने जाऊन दारावर पाटी ठोकून दिली. पाटीवर हिचं आणि मुलीचं नाव आहे. जागा कमी पडली असेल.

२ एप्रिल
आज बॅग घेऊनच गेलो. दोघी खिडकीशी बसून हसत होत्या. मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही किती वाजता परत जाणार? हिला म्हटलं, मी राहायलाच आलोय. तिने चहाचं आधण ठेवलं. मग चहा हातात देत म्हणाली, तुम्ही तिथेच बरे असता हो. रागावली असती तर भांडलो असतो. ती रागावली नव्हती. चहा तसाच ठेवून बॅग उचलली.
मुलांना उद्या नवा मुद्दा देणार आहे. सगळ्या शेवाळांनी जमिनीवर जायचं काही कारण नव्हतं. बरीचशी पाण्यातच राहिली आणि आजही जगाला प्राणवायू पुरवतात. पाठ्यपुस्तकवाल्यांना हे ठळक छापायला काय होतं?
घरी आलो तर कुणी काही विचारलं नाही. सासूबाईंनी ताट वाढलं. सासऱ्यांनी खिशातून घराची नवी किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. इतक्या वर्षांत मला कधी वेगळी किल्ली दिली नव्हती, हिच्या किल्लीवरच भागायचं. म्हणाले, असू द्या, आता लागेल.