अपेक्षित वाढ

१० जानेवारी २०२६, शनिवार

पेरू! अमीरबीने आज पेरू कापला, मोठी फोड माझ्याकडे सरकवली आणि मी एकदम दहा वर्षांची झाले. कॉन्व्हेंटचा व्हरांडा. मधली सुट्टी. दोघींत एक पेरू. कापायला कंपासपेटीतली पट्टी, मीठ तिच्या घरून कागदाच्या पुडीत. मोठी फोड तेव्हाही माझ्याकडेच यायची. का, ते छप्पन्न वर्षांत मी विचारलेलं नाही.

त्याच वर्षी सिस्टर अगाथांनी फळ्यावर जगाचा नकाशा काढला होता. ख्रिस्ती देश निळ्या खडूने, मुसलमान देश हिरव्या. अमीरबीने हात वर केला — सिस्टर, हिंगोली कोणत्या रंगात? सिस्टर हसल्या. म्हणाल्या, बाळ, खडूचं टोकच तुझ्या हिंगोलीपेक्षा मोठं आहे.

आज तसाच नकाशा आयेशाच्या मोबाइलवर निघाला. आयेशा म्हणजे अमीरबीची नात — आईबाप रियाधला, ही शिकायला आजी-आजोबांजवळ. कॉलेजात निबंध द्यायचाय म्हणून मोठ्याने वाचत होती. २०५० पर्यंत जगात ख्रिस्ती आणि मुसलमान जवळजवळ सारखे होतील असा अंदाज आहे म्हणे. युरोपात चर्च ओस पडतायत, आफ्रिकेत भरून वाहतायत. ज्यांच्याकडे तरुण जास्त, लेकरं जास्त, ते वाढणार.

अमीरबी पेरूच्या बिया काढत म्हणाली, "वाढून गेले कुठं गं समदे? माझा एक पुण्याला, एक रियाधला. घरात मी, तुझे चाँदभाई अन् ही पोरगी. मार्थी, तुझी लेक शिला बी पुण्यालाच. हिंगोलीत तर आपण दोघीच वाढून राहिलो — कमरेत!"

किती हसलो. हसताना छातीत पुन्हा ते दडपण आलं. बोलले नाही.


११ जानेवारी, रविवार

आमच्या प्रार्थनाघरात प्रार्थनेला अकरा जण. घंटा मारताना तीनदा थांबावं लागलं.


१४ जानेवारी, बुधवार

तांड्यावरून बेबीबाई तिळगूळ घेऊन आली. तिचा उत्तमसिंग पुसेगावच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकला, आता एसटीत कंडक्टर आहे. दरवर्षी पहिला तिळगूळ मला. "बाईनं पाढे पाठ करून घेतले म्हनून पोरगं तिकिटं फाडून राहिलंय," असं म्हणते आणि माझ्या हातावर डोकं टेकते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. एवढं प्रेम कुठे ठेवू?

दुपारी पोस्टाने मिशनच्या मुख्य कार्यालयाचा फॉर्म आला. मंडळीतली कुटुंबं किती, हजेरी किती. शेवटचा रकाना — पुढील पंचवीस वर्षांतील अपेक्षित वाढ. सोबतच्या पत्रात लिहिलंय, दहापेक्षा कमी कुटुंबं असतील तिथला पाळकांचा महिन्याचा फेरा बंद होईल, प्रार्थनाघराला कुलूप लागेल, किल्ली कार्यालयात जमा करावी.

आमची कुटुंबं सात.


१८ जानेवारी, रविवार

प्रार्थनेनंतर देविदास मागे थांबला. मंडळीतला तोच एक चाळिशीच्या आतला, बाजाची पेटीही तोच वाजवतो. म्हणाला, "बाई, दहा लिहा न. कोण मोजायला येऊन राहिलंय?"

औरंगाबादला गेलेले मंडळीतले दोन भाऊ आणि पुण्याला गेलेली आमची शिला धरली तर बरोबर दहा होतात. खोटंही नाही अगदी. बाप्तिस्मे इथेच झाले. पण ते रविवारी इथे नसतात.

घरी येताना औषधांच्या दुकानात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. हसत हसत म्हणाले, "बाई, तुमची अन् त्यांची संख्या जगात लई वाढून राहिली म्हणे! मोबाइलवर आलंय. आमचं काय होईल आता?" मनात आलं, सांगावं — भाऊ, आमच्या नऊ चटया आहेत, त्यातल्या दोनांची घडीच उघडत नाही. गोळ्या घेऊन आले.

संध्याकाळी अमीरबीला सांगितलं. तिने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला.

"तीन घरं कमी पडून राहिली व्हय? मग काहून रडतीस? आमचं लिही. दोन म्हातारे अन् एक पोरगी, झाली तीन. पाळकांचा फेरा झाला की परत घे नाव काढून."

"दादी!" — आयेशा केवढ्याने ओरडली.

चाँदभाई आतून म्हणाले, "लिहा, लिहा. मला तुमच्याकडं तरी पहिल्या चटईवर जागा मिळंल. मशिदीत लई गर्दी होऊन राहिली."

माझ्या मुसलमान मैत्रिणीच्या ओट्यावर बसून मी प्रार्थनाघराच्या कुलपावर हसले! देवा, तुझे आभार. अशी माणसं तू कुणाकुणाला देतोस?


२० जानेवारी, मंगळवार

पहाटे उठून आफ्रिकेतल्या एका बाईचा विचार करत बसले. माझ्याच वयाची. तिचं प्रार्थनाघर भरून वाहतंय, बाहेर झाडाखाली माणसं बसलीत. तिच्याकडेही खरी घंटा नसेल, रुळाचाच तुकडा असेल आमच्यासारखा. तिचा हेवा वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटला. बरं वाटलं. मी इथे थकून थांबते तेव्हा ती तिथे घंटा मारत असेल.


२२ जानेवारी, गुरुवार

अमीरबीला कळलंच. धाप लागून जिन्यावर बसलेली पाहिलं तिने. "कधीपासून?" म्हणाली. दिवाळीपासून, म्हटलं. त्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही! उत्तमसिंगने नांदेडच्या गाडीत दोन जागा धरून दिल्यात. शनिवारी तपासणी, एक मुक्काम, रविवारी परत. ती माझ्यासोबत येणार.

काळजी एकच — रविवारची घंटा. देविदास सासरवाडीला गेलाय, प्रार्थनेच्या वेळेला पोचेल. चाँदभाई म्हणाले, "मी मारतो. लोखंडावर लोखंड मारायचं, जन्म गेला माझा त्याच्यात." वेल्डिंगचं दुकान आहे त्यांचं. घंटेचा जुना आकडा तुटला होता तेव्हा लिंबाच्या झाडाला तो रूळ त्यांनीच टांगून दिला. किल्ली दिली.


२७ जानेवारी, मंगळवार

आता लिहिते.

रविवारी अकराला ऑटो गल्लीत वळला. प्रार्थनाघरासमोर चपला! पायरीपासून लिंबापर्यंत चपला. त्या दाराबाहेर इतक्या चपला मी जन्मात पाहिल्या नाहीत. पायरीवर बेबीबाई ऊर बडवून रडत होती. मला वाटलं देविदासचं काही झालं. तेवढ्यात बेबीबाईने मान वर केली, मला पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की लिंबावरचे कावळे उडाले.

मीच मेले होते!

झालं असं. आमच्याकडे रविवारची घंटा भराभर मारतात. मयताची वेगळी — एक ठोका, मग 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पूर्ण म्हणून होईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. चाँदभाईंनी रविवारची घंटा कधी ऐकलेलीच नाही. त्या वेळी त्यांच्या दुकानात ग्राइंडर चालू असतो. त्यांनी जवळून ऐकली ती फक्त मयताला. आमचे प्रभाकर, शिलाचे वडील, गेले तेव्हा कबरीच्या खड्ड्याशी हेच उभे होते, शेवटपर्यंत. त्यांना वाटलं, ह्या लोकांची घंटा अशीच असते. म्हणून मन लावून मारली. एक ठोका. थांबणं. एक ठोका. चांगला पाऊण तास!

आणि सगळ्या गल्लीला ठाऊक, बाई नांदेडला दवाखान्यात गेलीय. आयेशाने फोन लावले, तर दोघींचे फोन पिशवीत बंद. देविदास पोचला तोवर निम्मं गाव आलं होतं.

अमीरबी ऑटोतून उतरत ओरडली, "अगे, मेलेली चालत आली बघा! अन् मी काय तिकडं भुताची पिशवी धरून बसले होते?" चाँदभाई चटईवर डोकं धरून बसलेले. "आपा, मला काय ठाऊक... तुमी मारता ती मी कधी ऐकलीच न्हाई." उत्तमसिंग खाकी कपड्यांत झेंडूचा हार घेऊन उभा. कुठे ठेवावा त्याला कळेना. शेवटी माझ्याच गळ्यात घातला, पाया पडला आणि पोरासारखा रडला.

मग कुणी घरी जाईनाच. आत बसले सगळे, बाहेरही बसले. देविदासने पेटी काढली. आम्ही उपकारस्तुतीचं गीत म्हटलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी टाळ्या दिल्या. चहा अमीरबीकडून, दोन पातेली.

नंतर आठवून आठवून मोजले. बासष्ट. त्यातले मंडळीचे अकरा.

आपल्या मागे कोण येईल ते माणसाला बघायला मिळत नाही. मला मिळालं.


३० जानेवारी, शुक्रवार

फॉर्म भरला. कुटुंबे — सात. हजेरी — अकरा. बासष्टांना फॉर्ममध्ये रकाना नाही. अपेक्षित वाढ या रकान्यात पेन बराच वेळ टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका पडला. हिंगोलीएवढा! मग लिहिलं: 'सांगता येत नाही. दार उघडं असलं की लोक येतात, एवढं पाहिलं आहे.'

देविदास पाहून म्हणाला, "गेलं आपलं प्रार्थनाघर." पोस्टात टाकून आले.


८ फेब्रुवारी, रविवार

पाळकांचा फोन! त्यांनी स्वतः जाऊन कार्यालयात रदबदली केली. फेरा आता तीन महिन्यांतून एकदाच. पण कुलूप नाही! एक अट — इथेच राहणाऱ्या, दार रोज उघडू शकेल अशा माणसाचं नाव लेखी द्या. तुमच्यानंतर कोण?

म्हटलं, चाँद पाशा, वेल्डिंगवाले.

पाळक म्हणाले, "बाई, ते आपल्या मंडळीत..."

"नाहीत. देविदास प्रार्थना चालवील. पण तो कामासाठी सारखा वसमतला असतो. चाँदभाई त्या दारापासून चाळीस पावलांवर आहेत, कायम."

पाळक हसायला लागले. "घंटा तेच मारणार का?" म्हणजे ती गोष्ट तिथवर पोचलीय! आता लेंट संपेपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, चाँदभाईंची भराभर मारायची शिकवणी. मी टाळ्या वाजवते, ते मारतात. पहिल्या चार ठोक्यांनंतर आपोआप हळू होतात.


१८ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून आमचा लेंट, चाळीस दिवसांचा उपवासकाळ. उद्याचा त्यांचा पहिला रोजा. यंदा दोन्ही एका आठवड्यात आले! अमीरबी म्हणाली, "चल, दोघी मिळून उपाशी राहू. तू गोळ्या मात्र खायच्या, नायतर तुझ्या येशूला मी जबाब देणार न्हाई." निजण्याआधी हे लिहिते आहे. कशाचीच कमी वाटत नाही.


२१ फेब्रुवारी, शनिवार

नांदेडहून फोन. हृदयाची झडप बदलायचीच, आणि लगेच. सोमवारी ऑपरेशन, उद्या दुपारी निघायचं. माझ्या वयात धोका किती, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शिला थेट तिकडे येतेय. भीती आहे, थोडी. आभार जास्त. तर —

प्रभाकरांचं घड्याळ आणि या वह्या शिलाला.

गीतांची पुस्तकं देविदासला. पाच नंबरचं पान चिकटवून घ्यावं.

काळी लोकरीची शाल बेबीबाईला. उत्तमसिंगला झेंडूचा हार परत — वाळलाय, पण मी टाकला नाही.

सिस्टर अगाथांनी बक्षीस दिलेली डिक्शनरी आयेशाला. माझ्या नावाखाली तिचं नाव लिहून ठेवलंय.

स्टीलचा डबा अमीरबीचाच आहे. रिकामा जाऊ नये. परसातले पेरू उतरवून भरावा, रोजा सोडायला होतील. मोठी फोड तिची.

प्रार्थनाघराची किल्ली चाँदभाईंना. घंटाही. रविवारी भराभर. मी परत आले नाही तर हळू.

ती त्यांना येते.