भट्टीमागची बाग

प्रिय भुरे,

‘प्रिय’ हे पद्धत म्हणून लिहिलं आहे, त्याचा फार अर्थ लावू नकोस. भुरे म्हणतोय ते मात्र मुद्दाम. दवाखान्यात तुला सगळे आहारतज्ज्ञ मॅडम म्हणत असतील, पण मैद्याच्या पोत्यांवर लोळून तू नखशिखान्त पांढरी होऊन यायचीस, म्हणून तुझ्या आईनं हे नाव ठेवलं होतं. एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे तू, तरी पत्र लिहावं लागतंय. समोरासमोर आलो तर मी ओरडेन, तू माझ्याहून मोठ्यानं ओरडशील, आणि तुझे पेशंट गाजरं सोडून तमाशा बघत उभे राहतील.

आधी बागेचं बोलतो. ती जागा भंगाराची होती, मोडके फ्रिज आणि फुटकी कौलं पडलेली. तू ती साफ केलीस, पेशंटांना एकेक वाफा नेमून दिलास, स्वतः पिकवाल तर खाल म्हणालीस. चांगलं केलंस. काकडी तर झकास आली आहे. तिचा वेल माझ्या पत्र्यावर चढला आणि त्याच्या काकड्या मी खाल्ल्या. पत्रा माझा आहे. पण एवढ्या मोठ्या गावात लोकांना भाजीपाला खायला शिकवण्यासाठी तुला माझ्या भट्टीच्या पाठीमागचीच जागा सापडली? आणि फाटकावर ती पाटी, की मैदा, साखर व भट्टीचे पदार्थ आत आणू नयेत! गावात भट्टी एकच आहे, बाईसाहेब. सरळ माझं नावच लिहायचंस. आता शाळेतल्या मास्तरीणबाई पालकाच्या जुडीखाली केक लपवून नेतात. माझं गिऱ्हाईक तू तोडलं नाहीस, फक्त चोर केलंस.

आणि पिठाच्या प्रकरणात मी घातपात केला म्हणून तू गावभर सांगितलंस, त्याचाही सोक्षमोक्ष लावू. खतखड्ड्यासाठी ओला कचरा द्या, असा निरोप तुझ्याकडूनच आला होता. त्या दिवशी वीज गेली, मळलेला मैदा वाया गेला, तो बादल्या भरून मी पाठवला. तो कचरा होता आणि ओला होता. त्यात यीस्ट असतं आणि उन्हात ते फुगतं, हे जगात कुणाला माहीत नसलं तरी बेकरीवाल्याच्या पोरीला माहीत हवं होतं! खड्ड्याचं झाकण वर उचललं गेलं, पीठ बाहेर येऊन कोबीच्या वाफ्यापर्यंत पोचलं, तेव्हा मी मागच्या खिडकीत उभा राहून हसलो, हे खरं आहे. खूप दिवसांनी हसलो.

पण बागेच्या उद्घाटनाच्या दिवशी मला हसू आलं नाही. तू माइक हातात घेऊन माझ्या भिंतीकडे बोट केलंस आणि म्हणालीस की माझी आई या वासानं मेली. टाळ्या वाजल्या. मी ट्रे उतरवत होतो, तसाच उभा राहिलो. मग तू बोर्डावरचा कपडा ओढलास. आईचं नाव, आणि खाली ‘चुकीच्या आहाराचा बळी’. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, पण वासे मोजून त्यांचा बोर्ड करणारी तूच पहिली. त्याच भट्टीवर तुझं शिक्षण झालं, हे मी बोलून दाखवणार नव्हतो. दाखवलं. आता काय करायचं ते कर.

तुझी आई बळी नव्हती. तिला खायला आवडायचं. साखरेच्या आजाराचं निदान झाल्यावर मी कपाटाला कुलूप घातलं, तर तिनं केसातल्या आकड्यानं ते उघडलं आणि वर मलाच विचारलं, की नवरा केलाय की जेलर. पथ्याचा डबा ती शेजारणीच्या म्हशीला घालायची. आम्ही भांडलो, मी अबोला धरला, ती दोन घास जास्तच खायची. बिस्किटांवर, केकवर तिचा जीव नव्हता. तिला हवं असायचं ब्रेडचं टोक, जे गिऱ्हाईक बाजूला काढतं ते. भट्टीसमोर उभी राहून, बोटं भाजत, लोणी लावून खायची आणि डोळे मिटायची. असं डोळे मिटून खाणारं माणूस तू बोर्डावर टांगून बिचारं केलंस. तिला बिचारी म्हटलेलं कधी खपलं नसतं, तुझ्या तर तिनं थोबाडीतच दिली असती.

आता ते बोलतो जे आजवर बोललो नाही. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता पथ्य नको, मागतील ते द्या. तिनं टोक मागितलं. मी पहाटेच्या पहिल्या ब्रेडचं टोक कापून, लोणी लावून, फडक्यात गुंडाळून धावत आणलं. तू दारातच ते हातातून घेतलंस आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलंस. तुम्हीच मारताय तिला, असं म्हणालीस. डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला सांगू शकलो असतो. पण ती आता जाणार, हे त्या दारात उभं राहून तुला सांगायला माझी जीभ उचलली नाही. आत गेलो तर तिनं विचारलं, आणलंत का. मी म्हटलं, आज भट्टी बंद होती. भट्टी कधी बंद असते का हो, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी तिला गिळता येत नव्हतं. यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. पुढेही करीन असं वाटत नाही.

मग पत्र कशाला? तुझा तो निवृत्त शिंपी, गाजरांच्या वाफ्यावाला, दर आठवड्याला माझ्याकडून एक अख्खा ब्रेड नेतो. पाखरांना घालतो म्हणतो. त्याला खोटं बोलता येत नाही, पैसे देताना मान वर करत नाही. काल मी मागच्या खिडकीतून पाहिलं. खतखड्ड्याच्या आडोशाला तू उभी होतीस, बागेकडे पाठ करून. ब्रेडची दोन्ही टोकं तोडलीस, बाकीचा शिंप्याला परत दिलास आणि टोकं खाल्लीस. डोळे मिटून. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून मी खिडकीतून ओरडणारच होतो, पण तू अगदी तिच्यासारखी दिसत होतीस. तर दोन गोष्टी कर. तो बोर्ड बदल. नाव राहू दे, खालची ओळ काढ. आणि शिंप्याला पाठवू नकोस, पाखरांसाठी म्हणून मी त्याला आदल्या दिवशीचा ब्रेड देतो. पहाटे मागच्या दारानं ये. मी बोलणार नाही, तूही बोलू नकोस. टोक गरम असताना खायचं असतं.

तुझाच, दुसऱ्या कुणाचा होणार आता,
बाबा