उघड्यावरच्या वीस पिशव्या

१२ जुलै १९९८, औसा
…आणि चाळिसाव्या पिशवीची खुंटी ठोकली. वीस सावलीत, वीस उघड्यावर. जाळीच्या पिशव्या, प्रत्येकीत दहा ग्रॅम निलगिरीचा वाळका पाला. भूकंपानंतर शेडच्या बल्ल्यांसाठी लोकांनी वनीकरणातली मधली झाडे तोडली. तिथे आता आभाळ दिसते. पाला तिथे लवकर कुजतो की सावलीत, एवढेच पाहायचे. मग पीएच.डी., मग कॉलेजात नोकरी, मग लातूरच्या क्लासला रामराम. राखणदार मलप्पाने विचारले, अन् न्हाई कुजला तर? म्हटले, तर माझे अवघड आहे. तो गंभीर झाला.

२६ जुलै
वजनाचा दिवस. बारावीची टेस्ट निघाली. पाला कुठे पळून जात नाही.

३० ऑगस्ट
पंधरवड्याला जाण्याचा नियम बदलला. हाताळल्याने नैसर्गिकता बिघडते. मालविका म्हणाली, तुमचा व्यायामही तसाच नैसर्गिक चाललाय. बायकोला मेथडॉलॉजी कळत नाही.

६ डिसेंबर
गेलो. सावलीत सात ग्रॅम शिल्लक, उघड्यावर दोन. पुस्तके म्हणतात, उन्हात पाला सुकतो, कुजणे मंदावते. पुस्तके लातूरला आलेली नाहीत. नांदेडला गाईडना, दत्तोपंत सरांना, फोन केला. आकडे दोनदा विचारले. भारावले असावेत. स्वतः पाहायला येतो म्हणाले.

१९ डिसेंबर
या परिणामाला नाव लागेल. स्वतःचे देणे बरे दिसत नाही. सरांनी सुचवले तर अडवणार नाही.
क्लासचा राजीनामा लिहिला. उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. परतताना देईन.

२० डिसेंबर
सरांनी पिशवी उचलली, वास घेतला. मलप्पाला विचारले, यात काय घालतोस? तो म्हणाला, सावलीतला आपोआप कुजून राहिला, उन्हातला काही कुजंना. सायबाचं अवघड होईल म्हणून दर सोमवारी शेणकाला घातला. उकिरड्याला घालतो तसाच.
हे येत नव्हते का, सरांनी विचारले.
न्हाई, त्यांना लई काम हाय. म्हणून तर मी ध्यान ठिवलं.
सर हसत खाली बसले. पुढच्या जुलैत पुन्हा मांडा म्हणाले. मलप्पाने चहा दिला. मला जास्त साखरेचा.

२१ डिसेंबर
पाचची बॅच घेतली. घरी आलो तेव्हा शर्ट धुऊन वाळत घातला होता. खिशात राजीनाम्याचा लगदा होता.