सेवास्ती नावाची मुलगी आणि सेवास्तीचे घर

मी, सेवास्ती मिखाली दियाकू, वय सेहेचाळीस, अविवाहित, शाळेत इतिहासाची शिक्षिका, राहणार मेसोवूनी, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. 'दबाव नाही' लिहिताना मी थांबले, कारण काल धाकटी बहीण फोतिनी सूप घेऊन आली आणि बराच वेळ माझ्या छताच्या तुळया बघत बसली. पण तुळया बघणे म्हणजे दबाव नव्हे. पुढच्या आठवड्यात अथेन्सला माझे ऑपरेशन आहे. मी परतले नाही तर पुढीलप्रमाणे व्हावे.

१. बँकेतील रकमेतून माझे अंत्यविधी व्हावेत. उरेल ते फोतिनीला द्यावे.

२. आजीचा माग विणकाम येणाऱ्या कोणालाही द्यावा. फोतिनीला येत नाही. येते असे ती म्हणेल.

३. शेजारी लेफ्तेरिसने एका ईस्टरला नेलेले तांब्याचे पातेले त्याच्याकडेच राहू द्यावे. मात्र मला ठाऊक होते, एवढे त्याला सांगावे.

४. माझ्या डायऱ्या न वाचता जाळाव्यात. फोतिनीने आधीच वाचल्या असतील तर त्यातील तिच्याविषयीचे सगळे मी त्या त्या दिवशी खरे मानत होते, इतकेच म्हणते.

५. घर. आमच्या गावात थोरल्या मुलीला आईच्या आईचे नाव ठेवतात आणि त्या नावामागून घर येते. आजी सेवास्ती, म्हणून मी सेवास्ती, म्हणून घर माझे. मला मूल नाही. अशा वेळी भावंडाने आपल्या मुलीला माझे नाव दिले, तर घर त्या मुलीकडे जाते. गावातील कितीतरी घरांच्या वंशावळी मी जुळवल्या आहेत. नुसत्या नावावरून मूल कोणत्या आजीचे, हे मी सांगू शकते. अडले ते एकाच मुलीपाशी, आणि ती माझीच भाची.

फोतिनीच्या मुलीचे नाव रीतीप्रमाणे आमच्या आईवरून कालित्सा व्हायला हवे होते. दोन वर्षे बाप्तिस्मा लांबला. पोरीला सगळे 'बेबी' म्हणत. मग माझे पहिले रिपोर्ट आले, आणि महिन्याभरात बाप्तिस्म्याची तारीख ठरली. चर्चमध्ये धर्ममातेने नाव उच्चारले: सेवास्ती. जिच्यावरून नाव ठेवले तिला बातमी सांगून बक्षीस घ्यायला मुले नेहमीप्रमाणे धावली. माझ्याकडे नव्हे, फोतिनीच्या सासूकडे. कारण तिचेही नाव सेवास्तीच. तिने रुमालाची गाठ सोडून नाणी वाटली. माझ्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या होत्या.

"ताई, तुझंच नाव ठेवलंय गं," फोतिनी माझ्या कानाशी म्हणाली. नंतर जेवणाच्या टेबलावर तिला सासूच्या कानाशी वाकलेले मी पाहिले. सासूचा ऑलिव्हचा मळा मोठा आहे.

मी सासूबाईंना सरळ विचारले, "काकू, तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं?"

"कशाचं सांगितलंय? बारशाला मी रिकाम्या हाताने जाते होय? कोणी ना कोणी धावत येतंच. तू इतकी शिकलेली, तुला सुटे पैसे ठेवायला कोणी शिकवलं नाही?"

हे उत्तर मी चार वर्षे तपासते आहे. ते खरेही असू शकते.

गेल्या रविवारी मी फोतिनीकडे न सांगता गेले. फाटकाशीच थांबले, कारण स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. भाची बशीवरचे झाकण उचलून आपला बदामाचा लाडू भावाच्या लाडवाला लावून बघत होती.

"बघितलंस का मिनास?" फोतिनी नवऱ्याला म्हणाली. "स्वतःच्या आईवरसुद्धा विश्वास नाही कार्टीचा. तुझ्या आईचं नाव दिलं असतं तर गुणी निघाली असती. मीच हौसेनं ताईचं दिलं, आता भोगा. दुसरी ताई घरात आणून ठेवलीये."

"मग थोरलीला घाबरतेस, तशी हिलाही घाबर," मिनास म्हणाला.

मी दार न वाजवता परत आले. रागाच्या भरात माणूस नावाचे मूळ खोटे सांगत नाही, असे माझे मत आहे. फोतिनीला खिडकीतून मी दिसले असेन का, याचाही विचार केला. ती चुलीकडे तोंड करून होती. तरीही आज दुपारी परत जाऊन, चुलीपासून फाटक दिसते का, ते पाहून आले. दिसत नाही.

सबब घर, अंगणासह, भाची सेवास्ती, मिनासची मुलगी, हिला द्यावे. ती वयात येईपर्यंत फोतिनीने ते सांभाळावे, विकू नये, तुळया रंगवू नयेत.

६. मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांसाठी चर्चमध्ये प्रार्थना होते तेव्हा, पाद्री घरच्यांनी दिलेल्या कागदावरची नुसती पहिली नावे वाचतात, आडनाव नाही. काकूही कधीतरी माझ्यामागून येतील. तेव्हा भाचीने त्या कागदावर 'सेवास्ती' दोनदा लिहावे आणि पहिली मी आहे असे मनात म्हणावे. एकदाच लिहिले, तर ते कोणाचे, हे मला तिथेही शोधत बसावे लागेल.

मेसोवूनी, १४ ऑक्टोबर २०१९

सही: सेवास्ती मि. दियाकू

साक्षीदार: वासोस क्रितिकू, बेकरीवाले, आर्गिरो पेत्रिदू, परिचारिका. दोघेही नात्यातले नाहीत, आणि दोघांच्याही घरी सेवास्ती नावाचे कोणी नाही. मी विचारून घेतले आहे.