जोशुआच्या घरामागचा डोंगर

तैपेई

प्रिय आईस,
एलियासचा शालोम. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

इथले माझे घरमालक, लिन आजोबा, डोंगर बघून घराचं नशीब सांगतात. पाठीला डोंगर हवा. त्याची डावी सोंड ड्रॅगन, उजवी वाघ. वाघ बुटकाच हवा. तू राहतेस त्या जोशुआच्या रोह्याच्या घराचा फोटो बघितला, तर उजवी सोंड उंच! खरं सांगतो, बरं वाटलं.

आजोबा हसले. "घराकडे बघून नाही, घरात बसून बाहेर बघायचं." म्हणजे उंच ती डावी! उत्तम जागा. आम्हा दोघा भावांत चांगलं ते नेहमी त्यालाच!

त्याला सांगू नकोस. सुट्टीत येईन तेव्हा माझ्या पेणच्या फ्लॅटवर राहायला ये. एवढा डोंगर पाठीशी आहे त्याच्या. आठ दिवस तुला सोडायला त्याचं काय जातं?

तुझाच,
एलियास