इजाजतनामाधारक जागेवर हजर आहे

मुरूम, फसली सन १३५४, श्रावणातला दुसरा सोमवार

गुरुसिद्धप्पाअण्णांच्या चरणी महांतप्पाचे शरणार्थ.

आपला दमा आणि आपली म्हैस या दोहोंची प्रकृती सुधारली असेल, अशी आशा करतो. माझ्या प्रकृतीची विचारपूस गावातले लोक रोज करतात. (विचारपूस करणाऱ्यास चहा मिळतो, हे त्यांच्या ध्यानात आले आहे.)

आपल्या भगिनीच्या हॉटेलाच्या जागेची सध्या सरकारी फेरतपासणी चालू आहे. ही सरकारी जागा इजाजतनाम्याने तिच्या नावे हॉटेलासाठीच मिळाली होती. तेव्हा तिथे हॉटेलच चालते ना, अशी चिंता तहसिलीला नऊ वर्षांनी वाटली, याबद्दल मी ऋणी आहे. तपासणीच्या छापील नमुन्यात एक प्रश्न होता : इजाजतनामाधारक जागेवर हजर असतो काय? हैदराबादेच्या कॉलेजात खोटे लिहिण्याचे शिक्षण न मिळाल्यामुळे मी लिहिले, 'असतो. कायम.' आपल्या रिवाजाप्रमाणे तिला भट्टीमागच्या चिंचेखाली समाधी दिली, तेव्हा आपण होताच. उत्तरात चूक मला आजही सापडत नाही.

गुरुवारी तहसिलीतले पेशकार, जागा मोजायला गिरदावर आणि पंच म्हणून आडतीचे कल्याणप्पा आले. त्यांनी प्रथम भज्यांची कसून तपासणी केली (तीन वेळा), मग धारकास हजर करण्यास फर्मावले. मी त्यांना चिंचेखाली नेले. गिरदावरांनी टोपी काढली, आणि लगेच साखळीही. साडेतीन हात जागा हॉटेलाबाहेरच्या कामी वापरल्याचे निष्पन्न झाले. आता इजाजतनामा वारसाच्या नावे झाला तरच समाधीपुरती सूट मागता येईल. एरवी दगड उचलावे लागतील. त्यासाठी धारकाचे नाव पंचांसमोर तोंडी सांगायचे होते. ते नाव पेशकारांच्याच अक्षरात त्यांच्याच हातातल्या कागदावर आहे, हे मी नम्रपणे दाखविले.

ते म्हणाले, "कागद बोलत न्हाय, साहेब. जबानी पायजे."

स्वतःचे अक्षर न वाचणाऱ्या कचेरीस उत्तर देणे मी तत्त्वतः नाकारले. त्यावर कल्याणप्पा मिशीतला चहा पुसत म्हणाले, "एवढं शिकलाव, अन् बायकूचं नाव येईना व्हय?"

'अर्जदार गप्प' असा शेरा मारून मंडळी गेली. पुढील पेशी, म्हणजे सुनावणी, येत्या सोमवारी आहे.

आपला आज्ञाधारक,
महांतप्पा

ता. क. वर 'तत्त्वतः' लिहिले आहे, ते खरे नाही. नवऱ्याने बायकोचे नाव घेऊ नये या चालीविरुद्ध कॉलेजात मी पाऊण तास व्याख्यान दिले होते, टाळ्याही पडल्या. पुढे चौदा वर्षे तिला 'ऐकलं का' एवढेच म्हणालो. गुरुवारी नाव घ्यायला तोंड उघडले होते.

ता. क. २. नात्यातल्या कोणीही नाव सांगितले तरी चालेल, असे पेशकार जाता जाता म्हणाले. आपण तिला लहानपणापासून नावाने हाक मारीत आलात. सोमवारी यावे, आणि जरा मोठ्याने म्हणावे. पेशी हॉटेलातच आहे. चिंच तिथून फार लांब नाही.