आठ दिवस कोची, राखणदारासह

१२ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

ठरलं. कोची. आठ दिवस, रेल्वेने, दोघंच. कुडाळला गाडीत बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलमला उतरायचं, मग कसलीही घाई नाही. मी एसटीत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. हजारो लोकांना गाडीत बसवलं. प्रवास कसा करावा हे मला कुणी शिकवू नये.

तिकिटं आणि लॉज सुगंधाने मोबाईलवर स्वतःच बुक केलं. मी मागे उभं राहून मार्गदर्शन केलं.

संकल्प: या खेपेला अर्ध्यातून परत फिरायचं नाही. म्हैसूरच्या वेळी मडगावातून फिरलो, कारण गॅस चालू राहिल्याची शंका होती. (बंद होता. पण शंका रास्त होती.) हैदराबादच्या वेळी कुडाळ स्टेशनातूनच फिरलो, ती तब्येत. पुण्याच्या वेळी कसालला गाडी थांबली आणि उतरलो. कारण आता आठवत नाही, पण होतं.

सुगंधा सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, मे महिन्यात रिटायर झाली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि अजून एक शहर धड बघितलं नाही म्हणते. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, "ह्या खेपेक तुमी परत फिरलास, तर एकटेच फिरा. मी काय येवची नाय." बायका बोलतात असं.

१४ नोव्हेंबर. दुपारी

घर आठ दिवस बंद राहणार म्हणून राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं होतं. राखणदार म्हणजे आमच्या जागेचा रखवालदार. काठी टेकत वाडीत फिरतो, विडी ओढतो, दिसत कुणाला नाही. मी असलं काही मानत नाही. पण सुगंधा मानते, शेजारचे दाजी मानतात, आणि बहुमताचा मान ठेवावा.

दरवर्षी गाऱ्हाणं दाजी घालतात. वय ब्याऐंशी, येणार त्यांच्या सवडीने. म्हटलं, थांबायचं कशाला? स्टँडवरचा माईक इतकी वर्षं मीच सांभाळला. नारळ आणि विडीचं बंडल ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आमी दोघां कोचीक जातंव. तू आमच्या वांगडा रव, पावलापावलाक आमची राखण कर." सुगंधा मागून "होय म्हाराजा" म्हणाली. दाजींपेक्षा बरंच सुटसुटीत झालं.

१५ नोव्हेंबर. गाडीत

गाडी चाळीस मिनिटं लेट. आमच्या वेळी प्रवाशांनी मला फाडून खाल्लं असतं.

सावंतवाडी गेली आणि विडीचा वास यायला लागला. एसी डब्यात. टीसीला सांगितलं, तर त्याने मलाच हुंगल्यासारखं केलं. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. दाजी दरवर्षी म्हणतात, "घराची राखण कर." मी काय म्हटलं? वांगडा रव. म्हणजे सोबत राहा. घराचं नावच घेतलं नाही.

मी मानत नाही. तरी एकदा माईकवर पुकारा झाला की गाडी तिकडेच जाते, हे चौतीस वर्षं बघितलंय.

सुगंधाला सांगितलेलं नाही. उगाच घाबरेल. ती घोरते आहे.

१६ नोव्हेंबर. कोची. संध्याकाळी

लॉज बरा आहे. दुसरा मजला, खिडकीतून पाणी दिसतं. जिना चढताना पाठीमागे टक्, टक्. थांबलो की थांबायचं. सुगंधाला विचारलं, तर तिलाही ऐकू आलं. पाण्याचा पाईप असेल म्हणाली. पाईप जिना चढत नाही, पण मी वाद घातला नाही.

वेटरने चहाचे तीन कप आणले. खरमरीत तक्रार केली. सुगंधाचं म्हणणं, तीन बोटं मीच दाखवली. इथे भाषेची फारच अडचण आहे.

१७ नोव्हेंबर

बोटीने पलीकडे गेलो. मोठमोठी जाळी, जुनं चर्च, मसाल्यांची दुकानं. बघण्यासारखं आहे म्हणतात.

बोटीत मी कडेला बसलो, मधे एक जागा सोडली. सुगंधा सरकून तिथे बसायला लागली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "तेका बसांदे." ती म्हणाली, "कोणाक?" मी म्हटलं गुडघ्याला, आखडलाय. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, दवाखान्यात पेशंटकडे बघायची तसं. मग उठून कठड्याशी जाऊन उभी राहिली.

तिथे वाऱ्यावर एकटीच हसत होती. तिला असं हसताना मी पूर्वी कधी बघितलं ते आठवेना. खूप प्रयत्न केला. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

१८ नोव्हेंबर. दुपारी ३.१०

जेवून आडवे झालो तर पुन्हा टक्, टक्. या वेळी खोलीत. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून माझ्या उशापर्यंत. सुगंधा म्हणाली, "वरच्या माळ्यार काम चलता." वर जाऊन बघितलं. वर माळाच नाही, नुसती गच्ची. खाली येऊन हे सांगितलं तर कूस बदलली, पण झोपली नाही.

भीती वाटली. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे?

अर्थात भीती माझी नाही, घराची. तो इथे आहे म्हणजे तिथे कोणी नाही. राखणदार सोडून गेलेल्या घरात काय काय शिरतं, ते लहानपणी ऐकलंय. ते इथे लिहीत नाही. दाजींना चार वेळा फोन लावला. घंटा वाजते, उचलत नाहीत. का उचलत नाहीत?

संकल्प: राखणदाराला सन्मानाने घरी पोचवणं. याला परत फिरणं म्हणत नाहीत.

५.००

सुगंधाला पोटात दुखतं म्हणून सांगितलं. तिने नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, जीभ काढायला लावली. पोटाला काहीही झालेलं नाही म्हणाली. मग खरं ते सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यापासून. हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर समजूत घालता आली असती.

मोबाईल घेतला आणि पाच मिनिटांत उद्याचं तिकीट काढलं. एक. मी म्हटलं, दोन हवीत. "तेका तिकीट लागणा नाय," म्हणाली. तिच्या तिकिटाबद्दल विचारत होतो हे तिला कळलं होतं.

शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, तुला एकटीला भीती नाही का वाटणार? तर म्हणाली, "तीस वर्सां नाईट डुटी केलंय. तेव्हा विचारलास कधी?"

१९ नोव्हेंबर. गाडीत

शेजारची जागा रिकामी. कोणी बसायला आलं की पिशवी ठेवतो. कारवारला एक बाई भांडल्या.

सुगंधा उद्यापर्यंत मागोमाग येईल. मी ओळखतो तिला.

२० नोव्हेंबर. घरी, कट्टा गाव. सकाळी ११.००

कुलूप जसंच्या तसं. मागचं दार, देवघर, माळा, सगळं तपासलं. एक कौल मांजराने सरकवलंय, बाकी काही नाही. काजूची रोपटी ताजीतवानी. दाजी पाणी घालत होते.

दाजींना मी अंगणात उभं राहून सगळी हकीकत सांगितली. ते पाइप खाली ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "अरे, राखणदार शीव ओलांडून खंय जाता? तू सांगलंस म्हणान? ती काय तुझी एसटी न्हय. तो हयच होतो. परवा दुपारीच तेची काठी मी आयकलंय."

फोनचं विचारलं. फोन पिठाच्या डब्यात विसरले होते.

११.४०

म्हणजे तो गावातच होता. मग कोचीला आमच्याबरोबर कोण होतं? आणि सुगंधा त्या खोलीत एकटी आहे. तिला ताबडतोब सावध केलं पाहिजे. नवऱ्याचं कर्तव्य म्हणून फोन करतो आहे.

दुपारी १२.१५

बोटीवर होती. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. मी ओरडून विचारलं, खोलीत अजून आवाज येतो का? ती म्हणाली, नाही. मी तिथून निघालो त्या घटकेपासून खोली एकदम शांत आहे. काल दुपारी दोन तास गाढ झोपली. अशी झोप लग्नानंतर लागली नव्हती म्हणाली. लॉजमधला मुक्काम आणखी आठ दिवस वाढवून घेतला आहे.

मग तिने विचारलं, "आणि तुमच्याकडे?"

मी ओटीवर बसलो होतो. मागे माजघरात, नुकत्याच तपासलेल्या रिकाम्या घरात, फरशीवर टक्, टक् होत जवळ येत होतं. मी म्हटलं, नाही, इथेही काही नाही, तू सावकाश ये.